सुनेच्या गाडीची गादी

मंगळवार, ३ तारीख

विसरभोळ्या, ही वही तुझ्यासाठी. शाळेत जाताना तू दप्तर विसरायचास, लग्नाच्या दिवशी अंगठी विसरलास, आणि जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेल्यापासून आईला विसरलास की नाही ते अजून ठरायचं आहे. फोनवर सांगितलेलं तुझ्या डोक्यात भांडी विसळेपर्यंतसुद्धा राहत नाही. आठ महिन्यांनी येशील, पलंगावर अंग टाकशील, पाठीला फळी लागली की बोंबलशील, "आई, माझी गादी कुठे गेली?" तेव्हा मी एक शब्द बोलणार नाही. ही वही हातात देईन. तारीखवार.

मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणजे आठवत असेल तर. मी बोलते, तुझी बायको लिहिते. मी म्हणेन ते जसंच्या तसं लिहायचं, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

"आणि माझ्याबद्दल वाईट बोललात तर?" ती म्हणाली.

"मग सुंदर अक्षरात लिही," मी म्हटलं.

तर मुद्दा असा, की तुझ्या बायकोचं ढुंगण दुखतं. (इथे हिची पेन्सिल थांबली. "दुसरा शब्द घालू का?" म्हणते. मी म्हटलं, दुखणं तुझं, शब्द माझा. लिही.) गेले तीन महिने दुखतं आणि ही बाई कुणाला बोलली नाही. दुकानांचे, दूध केंद्रांचे, गोदामांचे वजनकाटे तपासत मोटरसायकलवर दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर हिंडते. मागे वजनांची लोखंडी पेटी बांधलेली, पुढे रस्ता म्हणावा असा रस्ता नाही. काल हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं फोटो काढला, उजेडात धरला आणि म्हणाला, माकडहाडाला सूज आहे. एक तर सीट बदला, नाही तर नोकरी बदला.

हिच्या फेऱ्या चुकायला लागल्या म्हणून नोकरीचं कार्यालयातल्या साहेबानं आधीच ठरवून ठेवलं आहे. महिनाअखेरीपर्यंत ही पुन्हा आठवड्याला तीन फेऱ्या करायला लागली तर ठीक. नाही तर शहरातल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये टेबलावरचं काम, दोनशे किलोमीटर लांब, तिथे दोन अनोळखी बायकांबरोबर एक खोली. म्हणजे हे घर बंद. म्हणजे मी तुझ्या बहिणीकडे, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. एकदा वर चढले की खाली आणायला मला चार माणसं लागतील, आणि तेव्हा मी बसलेली नसेन.

मला काय, मी कुठेही राहीन. पण एवढी गोष्ट एका सीटवरून व्हावी? चाळीस वर्षं गाद्या शिवल्या मी. या गल्लीत जितकी माणसं निवांत झोपतात, त्यातली अर्धी माझ्या हातावर झोपतात. आणि माझ्याच घरातल्या बाईला बूड टेकवता येत नाही?

सीट मी करणार. लिही. मोठ्या अक्षरात.

गुरुवार, ५

आज सीट काढली. चार नट. नट काढताना तुझी बायको ओठ चावते, लहानपणी बरणीचं झाकण फिरवताना तू चावायचास तसाच. लग्नानंतर कुणाचं काय कुणाला लागतं सांगता येत नाही.

सीट स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतली आणि रेक्झिन उसवलं. आतला फोम बघून मला शिव्या आठवल्या. त्या इथे लिहायच्या नाहीत असं ठरलं आहे. फोम कसला, भिजवून विसरलेला पाव. मधोमध बसलेला, कडेला चुरा, आणि पुढे सगळा उतार, म्हणजे माणूस घसरत टाकीवर. हे ज्यानं बनवलं त्याला दोन दिवस त्यावर बसवून त्याच्या आईला भेटायला न्यावं, आणि आई लांब राहत असावी.

मग माप. हिला खुर्चीवर बसवलं, कडेनं सुतळी फिरवली, जिथे जिथे लागलं तिथे गाठ मारली. तुला माझं माप माहीत आहे, आकडे नाहीत, गाठी. लहान गाठ म्हणजे बोटभर सैल, दुहेरी गाठ म्हणजे इथे कापायचं.

"आई, टेप आणू का?"

"टेप आकडा सांगतो. गाठ माणूस सांगते."

"आणि दोन्ही पाय जवळ घेऊन बसू का असे?"

"बाईमाणूस कसं बसतं? नीट बस."

शुक्रवार, ६

रेक्झिन घ्यायला चौकातल्या सीटवाल्याकडे गेले. मी त्याला चकमकवाला म्हणते. दुकानाबाहेर लटकवलेली कव्हरं बघ, कुणावर ज्वाळा, कुणावर वाघाचे पट्टे, एकावर तर कवटी. रोज कवटीवर बसून कामाला जाणारी माणसं कुठल्या घरातली असतात, देव जाणे.

"आजी, कव्हर कशाला, अख्खी सीट करून देतो," म्हणाला.

"तुझ्या जन्माआधीपासून शिवते आहे मी."

"गाद्या ना?"

"मग काय विटा?"

तो हसला. त्याला हसायची सवय आहे, दात चांगले आहेत म्हणून. साधं काळं रेक्झिन घेतलं. निघताना त्यानं काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं, पण मी थांबले नाही. माणसानं दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसू नये हे त्याला शिकवायला हवं होतं.

रविवार, ८

आता नीट वाच, विसरशील.

कापूस हवा होता. बाजारातला कापूस म्हणजे सगळा गिरणीचा कचरा. घरात चांगला कापूस एकाच ठिकाणी आहे, तुझ्या गादीत. तुझ्या लग्नाच्या वेळी मी स्वतः पिंजून घेतला होता. तू आठ महिने नाहीस. गादी नुसती पडून असते, तुझ्यासारखी. उसवली.

अर्धी गादी सीटमध्ये गेली. खाली मऊ फोम, त्यावर कापूस, थरावर थर, हातानं थोपटून. रुंद केली. जुनी सीट वीतभर होती, ही दीड वीत. बसणाऱ्याला जागा नको? मग दाभणानं टाके घातले, वरून खाली आरपार, गादीला घालतो तसे, सहा गाठी, म्हणजे कापूस हलणार नाही. तळहातानं दाबून पाहिलं. हात असा आत गेला आणि असा वर आला. पोराचं पोट दाबल्यासारखं.

तुझी बायको जरा वेळ सीटकडे बघत राहिली.

"काय ग, आवडली नाही?"

"नाही नाही. फार... भरगच्च आहे."

"भरगच्चच हवी. तुला हाडं आहेत, मांस कुठे आहे?"

मी स्वतः बसून पाहिली. गाडी दारात उभी होती. एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसले, जन्मभर तुझ्या बापाच्या मागे बसले तशी. काय सांगू, डुलकी आली.

बुधवार, ११

नव्या सीटवर पहिली लांब फेरी झाली. संध्याकाळी दारातच उभी राहिले होते.

"कशी आहे?"

"छान आहे."

"छान म्हणजे?"

"खूप छान. ढगावर बसल्यासारखं."

आता माझी सून काही कवी नाही. ढग वगैरे ती बोलत नाही. म्हणजे केवढा फरक पडला असेल बघ. शेजारणीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, तुझ्या बहिणीला फोन करून सांगितलं की माझ्यासाठी खोली आवरू नकोस. ती म्हणाली, "आई, पडदे लावून झाले." मी म्हटलं, काढ.

(हे आईंनी सांगितलेलं नाही, मी लिहिते आहे. दुखतं. आधीपेक्षा जास्त. त्यांना कळू देऊ नकोस.)

शनिवार, १४

बुधवारी लिहिताना मी थांबले तरी हिची पेन्सिल चालूच होती. काय लिहिलंस म्हटलं तर म्हणाली, "पूर्णविराम." मी म्हटलं, एवढा लांब? म्हणाली, "तारखेपर्यंत द्यावा लागतो." असेल बाबा. अक्षरांचे नियम मला काय माहीत.

ही हल्ली उभ्यानं जेवते. ओट्याला टेकून, ताटली हातात. मी म्हटलं, खुर्ची काय उपाशी आहे का, बस की तिच्यावर. तर म्हणते, घाई आहे. कसली घाई? जेवून झाल्यावर तासभर तिथेच उभी. तरुण बायकांचं काही कळत नाही.

आणखी एक. कामाला जाताना पिशवीत मोठा टॉवेल नेते, चार घड्या करून. विचारलं तर म्हणाली, गाडी पुसायला. गाडी इतकी स्वच्छ ठेवते हे मला माहीत नव्हतं. टॉवेल मात्र चुरगळून येतो, मळत नाही. हा गुण तू घे.

मंगळवार, १७

ही आज कोपर सोलून आली. म्हणाली, एका गोदामाच्या दारात घसरले. पँट गुडघ्यावर फाटली आहे, गाडीचा आरसा वाकडा झाला आहे.

"दारात घसरलीस तर आरसा कसा वाकला?"

"गाडी... माझ्याबरोबर दारात होती."

मी जखम धुतली. तिला दुखलं तरी बोलली नाही. या मुलीला न बोलण्याचं बक्षीस द्यायला हवं. एवढं मात्र म्हणाली, "आई, माझे पाय जरा आखूड आहेत का हो?" मी म्हटलं, पाय व्यवस्थित आहेत, डोळे नीट वापर. चालताना खाली बघावं.

हल्ली विसरतेस फार, नवऱ्यासारखी, असंही म्हणाले. हसली नाही.

गुरुवार, १९

आज जे झालं ते ही लिहिते आहे आणि हिचे कान लाल आहेत. लिही. थांबू नकोस.

सकाळी ही शेजारच्या औषधाच्या दुकानातला काटा बघायला पायी गेली होती. गाडी दारात. मला वाटलं, सीटच्या कडेनं जाड गोट शिवावा, शोभा येईल. म्हणून मागची कड उसवली, आत हात घातला.

तुला सांगते, गादी शिवणाऱ्याला गादी बोलते. माणूस आठ दिवस जरी झोपला तरी कापूस सांगतो, इथे खांदा, इथे कंबर, हा कुशीवर झोपतो, हा रात्रभर तळमळतो. नवरा-बायकोत अबोला असला तर मधला कापूस ताजा राहतो. मी अशा गाद्या उसवल्या आहेत की त्या घरी परत जाताना बाईच्या डोळ्यांत बघता आलं नाही.

या सीटमधला कापूस ताजा होता. मी भरला तसाच, फुललेला. दहा दिवस, पाच फेऱ्या, आणि मधोमध साधा खळगा नाही. फक्त पुढचं टोक चेपलेलं, जिथे माणूस अगदी कडेवर टेकतो, खुर्चीवर पाहुणी टेकते तसं. मग मी वाकून पाय ठेवायच्या दांड्या बघितल्या. त्यांचं रबर पार घासून गुळगुळीत.

ही बाई दहा दिवस उभी राहून गाडी चालवत होती!

आली तेव्हा मी सीट मांडीवर घेऊन दारात बसले होते.

"बस इथे."

"आई, मी उभीच..."

"तेच म्हणते मी. बस."

बसली. बसताना तोंड कसं झालं ते मी पाहिलं. गेले दहा दिवस मी त्या तोंडाकडे सोडून सगळीकडे बघत होते.

"कुठे दुखतं?"

मग सगळं बाहेर आलं. सीट रुंद झाली म्हणून मांड्या फाकून जमिनीला पाय पुरत नाहीत, मंगळवारी सिग्नलला गाडीसकट आडवी झाली. पहिली दहा मिनिटं मऊ वाटतं, मग खाली खाली जाते आणि हाड पत्र्यावर टेकतं. टाक्याची एक गाठ नेमकी तिथे. नेमकी. टॉवेल त्या गाठीवर घालायला होता, तोही पुरेना म्हणून उभी.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही रोज दारात उभ्या असायच्या," ती म्हणाली. "दूधवाल्याला बरोबर घेऊन."

मी चिडले. फार चिडले. म्हटलं, वही आण. लिही, माझी सून खोटारडी आहे. तिनं लिहिलं. लिही, तिला गाडीखाली येऊन मरायचं होतं आणि मला तिसऱ्या मजल्यावर धाडायचं होतं. तेही लिहिलं. लिही, आणि तिच्या सासूला गादी करता येते, सीट करता येत नाही. इथे ती थांबली.

"हे नको लिहायला."

"जसंच्या तसं ठरलं आहे."

लिहिलं. मग मी विचारलं, तो लांबलचक पूर्णविराम काय होता? वाच. तिनं वाचून दाखवला. हळू आवाजात.

मी म्हटलं, शेजारणीला आता काय सांगू? ती म्हणाली, "सांगा, ढगात पाणी होतं." तेव्हा हसायला आलं. मला आधी.

शनिवार, २१

चकमकवाल्याकडे गेले. सीट काखेत, मान खाली. आयुष्यात दुसऱ्या कारागिराच्या दुकानात काम घेऊन गेले नव्हते. त्यानं सीट पाहिली, दाबली, टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"हात काय आहे आजी तुमचा! यावर झोपावंसं वाटतं."

"तोच तर रोग आहे. पुढे बोल."

"त्या दिवशी सांगणार होतो, तुम्ही गेलात. गादीवर वजन पसरतं. इथे दोन हाडांवर येतं. मऊ नको, घट्ट हवी." त्यानं आतून एक ठोकळा आणला. रंगीबेरंगी, फोमचे तुकडे दाबून केलेला, हातानं दाबला तर हातच मागे आला. "यावर पहिल्यांदा बसलं की शिवी येते. दोन तासांनी येत नाही."

मग त्यानं बाहेरच्या गाडीकडे बोट केलं. "बसून दाखवा, तुम्ही कसं तपासलंत ते."

मी बसले. एका बाजूला पाय सोडून.

त्यानं हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाला, "आजी, सून अशी चालवते का गाडी?"

बघ आता. पन्नास वर्षं मी गाडीवर बसते आहे आणि गाडीवर कसं बसतात ते मला माहीत नाही! सुनेला मापाला बसवलं तेही खुर्चीवर, पाय जुळवून. खुर्चीचं माप घेऊन गादीची विद्या लावली आणि गाडीवर ठोकली. तीन चुका, सहा गाठींनी पक्क्या केलेल्या.

ठोकळा घेतला. पण कापण्याआधी एक करायचं ठरवलं आहे. सुनेला सांगितलं, तुझी जुनी पँट धुवून ठेव.

रविवार, २२

तुझी आई आज पँट घालून, दोन्ही बाजूंना पाय टाकून, मोटरसायकलवर दोन तास बसून आली. हे वाक्य परत वाच. हवं तर जहाजावरच्या सगळ्यांना वाचून दाखव.

चढायलाच पाव तास गेला. आधी स्टुलावर, स्टुलावरून पाय पलीकडे. पाय पलीकडे जायला तयार नव्हता, त्याला पन्नास वर्षांची सवय. शेजारीण गॅलरीतून म्हणाली, "अहो, या वयात हे काय?" मी म्हटलं, पुढच्या वयात जमणार नाही म्हणून आत्ताच.

वजनांची पेटी घरी ठेवली, तिच्या जागी मी. "पेटी बरी," सून म्हणाली, "ती बोलत नाही." सीट माझीच, मागची कड उसवलेली, कापसाची. शिक्षा भोगायची तर तीच भोगायची. फक्त मी पुढच्या टोकाला नाही, मधोमध बसले, आणि ती पुढे टेकली.

पहिली दहा मिनिटं स्वर्ग. मी मनात म्हटलं, चकमकवाल्याला काय कळतं. पंधराव्या मिनिटाला खाली जायला लागले. अर्ध्या तासानं माझी हाडं आणि पत्रा यांची ओळख झाली. पाऊण तासानं ओळख वाढली. आणि ती गाठ! माझ्या हातची, दुहेरी, न सुटणारी. खड्डा आला की गाठ, खड्डा गेला की गाठ. शेवटी मी सुनेच्या पाठीवर थापा मारल्या. "थांबव, थांबव!" ती म्हणाली, "आई, अजून अर्धंसुद्धा नाही झालं." मी म्हटलं, चल मग.

परत आलो तेव्हा उतरताच येईना. तिनं काखेत हात घालून उचललं, वजनाची पेटी उचलते तशी. मग आम्ही दोघी ओट्याला टेकून उभ्यानं जेवलो. शेजारी शेजारी. मी खुर्चीकडे बघितलं, खुर्चीनं माझ्याकडे बघितलं.

एक सांगायचं राहिलं. रस्त्याच्या पलीकडे मोठा तलाव आहे, मला माहीतच नव्हतं. एका बाजूला बसलं की एकच बाजू दिसते. तुझ्या बापानं मला पन्नास वर्षं फक्त डावीकडचं जग दाखवलं.

मंगळवार, २४

आता खरं माप. गोणीत ओली वाळू भरून ती गाडीवर बांधली, सीटच्या जागी. त्यावर सुनेला पाय टाकून बसवलं, हात हँडलवर, जशी चालवते तशी. "हलू नकोस." "थंड आहे आई!" "औषध आहे समज." उतरली तेव्हा वाळूत दोन खड्डे. मी सुतळी धरली, खड्ड्यापासून खड्ड्यापर्यंत, दोन गाठी. डावा खड्डा जास्त खोल. हत्यारांची पिशवी उजव्या खांद्यावर असते, म्हणून ती डावीकडे कलते. म्हटलं, पिशवी पेटीवर बांध उद्यापासून. माणसानं कलून जगू नये.

मग ठोकळा कापला. पुढे निमुळता, पाय जमिनीला पुरतील एवढा. मागे खड्ड्यांच्या गाठींइतका रुंद. उतार काढून सपाट. आणि माकडहाडाखाली बोटभर खोल, वीतभर लांब खाच, म्हणजे तिथे काहीच नाही. चाळीस वर्षं मी लोकांच्या अंगाखाली काही ना काही भरत आले. तिथे काहीही न ठेवणं हेही काम आहे हे पहिल्यांदा कळलं. वरून पातळ मऊ थर, एक बोट. टाका एकही नाही. रेक्झिन ताणून खालच्या बाजूनं पिना मारल्या, त्या चकमकवाल्यानं. कामाचं काय घेणार विचारलं तर म्हणाला, गादी शिवायला शिकवा. मी म्हटलं, आधी तो वाघ आणि ती कवटी दारातून काढ. विचार करतो म्हणाला.

तळहातानं दाबून पाहिली नाही. हाताचं ऐकायचं नाही असं ठरवलं आहे.

कापूस तुझ्या गादीत परत भरला आहे. थोडा गोळा झाला आहे. टोचला तर कूस बदल.

शुक्रवार, २७

सलग तिसरी फेरी. मी दारात उभी नव्हते. मुद्दाम मागच्या खोलीत सुया लावत बसले होते. गाडी आली, स्टँड लागला, पेटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मी विचारलं नाही.

ताटली वाढून घेतली. खुर्ची ओढली. बसली.

मी सुया मोजत राहिले. सगळ्या होत्या.

जेवता जेवता म्हणाली, "पहिल्या तासाला शिवी आली."

"कुणाला?"

"तुम्हाला."

"आणि दुसऱ्या तासाला?"

"दुसऱ्या तासाला विसरले."

सोमवार, ३०

हाडांच्या डॉक्टरनं दाबून पाहिलं. सूज उतरते आहे, गेली नाही. तासातासानं थांबायचं, उतरून चार पावलं चालायचं, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त फेऱ्या नाहीत. साहेबाला फोन ही करणार होती, दोनदा नंबर लावून तिनं ठेवून दिला, म्हणून फोन मी घेतला. म्हटलं, तीन फेऱ्या होतील, पण सलग नाहीत, मधला दिवस मोकळा. तो म्हणाला, "आपण कोण?" मी म्हटलं, सीट मी केली आहे. तो म्हणाला, तीन महिने बघू.

तीन महिने तर तीन महिने. तुझ्या बहिणीला फोन केला. पडदे तिनं काढले नव्हते, तसेच राहू दे म्हटलं, नातवंडांना ऊन लागत नाही. ती म्हणाली, "आई, तू खूश आहेस ना?" मी म्हटलं, माझं काय, मी कुठेही राहिले असते. इथे तुझ्या बायकोनं पेन्सिल थांबवून माझ्याकडे पाहिलं. बरं, लिही. नसते राहिले. पण हे तिला फोनवर सांगणार नाही.

पुढच्या रविवारी तलावापर्यंत जायचं ठरलं आहे. मागची अर्धी सीट मी माझ्या मापाची करून घेते आहे, वाळूत बसून झालं, माझे दोन्ही खड्डे सारखे आहेत. पँट शिवायला टाकली आहे.

हे शेवटचं पान सुनेनं फोटो काढून तुला आजच पाठवायचं आहे, बाकीची वही आल्यावर वाच. मागच्या वेळी बंदरावरून डब्यातून तो मऊ केक पाठवला होतास, तसला काही आता नको, मऊ गोष्टींवरचा माझा विश्वास उडाला आहे. कडक टोस्ट पाठव, चांगले खरपूस भाजलेले. प्रत्येक तासाला थांबून चार पावलं चालायचं असतं, तेव्हा खायला. दोघींना पुरतील एवढे. आणि विसरू नकोस.